लाभ, दोन, तीन

आमच्या घरात एक हा आकडा नव्हता. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात होता, वडिलांना ओझरच्या कारखान्यात नेणाऱ्या बसच्या पाटीवर होता, पण स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. तिथली मोजणी सुरू व्हायची ती ‘लाभ’पासून. संध्याकाळी आत्या तांदळाच्या डब्यात पितळी वाटी खुपसायची, शिगोशीग भरून वर काढायची आणि परातीत ओतताना, देवळात घंटा वाजवावी तशा आवाजात म्हणायची, ‘लाभ!’ मग दोन, मग तीन, मग चार. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, अशी तिच्या गावची रीत. का म्हणायचं नाही, तर एक म्हटलं की धान्याला वाटतं, हे लोक आपल्याला मोजायलाच बसले, आणि ते आखडतं. लाभ म्हटलं की ते खुशीत येतं आणि पुरवठ्याला येतं. तांदळाचा हा स्वभाव मला वयाच्या चौथ्या वर्षी कळला. आता पन्नाशी उलटली तरी त्यात बदल झाल्याचं दिसलेलं नाही.

दुसरा नियम असा, की स्वयंपाकघरात कुठलीही गोष्ट ‘संपली’ किंवा ‘नाही’ असं म्हणायचं नाही. मिठाच्या बरणीचा तळ दिसायला लागला की आत्या आईला सांगायची, ‘वहिनी, मीठ भरपूर झालंय बरं का.’ तेवढं ऐकलं की आई पायातली चप्पल न काढता तशीच वाण्याकडे जायची. एकदा शेजारच्या काकू वाटी घेऊन साखर मागायला आल्या. आत्याने रिकामा डबा हलवला आणि हसून सांगितलं, ‘भरपूर हाय.’ काकू बराच वेळ वाटी पुढे धरून उभ्या राहिल्या. पुढे पंधरा दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणायचे, आई वन्सं. घोटीच्या पलीकडे, भाताच्या खाचरांमध्ये तिचं गाव. आई सरकारी दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. वडील सकाळी कारखान्याच्या बसने जायचे ते संध्याकाळीच उगवायचे. मला सांभाळायला म्हणून आत्या महिनाभरासाठी पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत आली आणि तो महिना तीन वर्षं झाली तरी संपला नाही. संपला नाही, कारण तो शब्दच तिच्याकडे नव्हता. नऊवारी, हातभर बांगड्या आणि आवाज असा, की तिने गॅलरीत हाक मारली की खालच्या गल्लीतला भंगारवाला सायकलवरून उतरायचा. ती अखंड बोलायची. मशेरी लावतानाही बोलायची. तेव्हाचं फक्त मलाच समजायचं.

आणि बोलायची काय? तेव्हा मला वाटायचं, गप्पा. ‘मने, दाराशी चपला बघून ये गं किती हायत.’ मी पळत जायची, मोजायची, पळत यायची. ‘आत्या, सहा!’ ‘मंग चहा किती कप टाकू?’ ‘सहा!’ ‘का गं? येक पाय येक कप आन दुसरा पाय दुसरा कप पितो काय?’ मी पुन्हा दाराशी जाऊन चपलांच्या जोड्या लावायची आणि तीन कपांची वर्दी आणायची. एकदा मी दोन चपला आणि एक कुबडी अशी खबर आणली. तिच्यावर आत्याने आणि मी बरीच चर्चा केली, आणि येणारा कुबडी घेऊन आला तरी चहा एकच कप पिईल, असा निकाल झाला.

भाकरी करताना तर शाळाच भरायची. ‘तुझ्या बापाला तीन. आईला दीड. दीड म्हंजी?’ ‘एक आख्खी आणि एक मोडकी.’ ‘मोडकीचा उरलेला तुकडा कुणाचा?’ ‘माझा!’ ‘आख्खा अर्धकोर खाशील?’ ‘चतकोर खाईन.’ ‘आन राहिला चतकोर?’ ‘तो तुझा.’ ‘वा गं! मी येवढा डोंगर, मला चतकोर!’ मग तो चतकोर मोडून दोन नितकोर व्हायचे आणि एक नितकोर गुळाचा खडा लावून पुन्हा माझ्याच तोंडात यायचा. अपूर्णांक नावाची गोष्ट पुस्तकात असते आणि तिला मुलं घाबरतात, हे मला पाचवीत गेल्यावर कळलं, तेव्हा खरंच हसू आलं. मी तो विषय गुळाला लावून खाल्लेला होता.

मटार सोलायला बसलो की पैज. शेंग फोडायच्या आधी सांगायचं, आत दाणे किती. ज्याचा अंदाज जवळचा, शेंग त्याची. आत्या नेहमी जिंकायची. पुढे माझ्या लक्षात आलं, की ती शेंग हातात घेऊन विचार करत असल्याचं नाटक करते आणि अंगठ्याने हळूच दाणे चाचपते. हे उघडकीला आणल्यावर ती अजिबात ओशाळली नाही. ‘डोळ्यांनी मोजलं काय, बोटांनी मोजलं काय. तू बी कर!’ कागदावरचा हिशेब मात्र तिला औषधालाही येत नव्हता. मोठ्या संख्येशी गाठ पडली की ती ‘लय’ म्हणून मोकळी व्हायची. पण थोडं-जास्त, पुरेल-उरेल, जड-हलकं, तुझ्या आधी-माझ्या नंतर, या सगळ्यावर तिच्याइतकं रसाळ बोलणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. परवा माझ्या भाच्याच्या मुलीच्या टॅबलेटवर एक पिवळं बदक ‘एक सफरचंद, दोन सफरचंदं’ असं ओरडत होतं आणि बरोबर बोट लावलं की तुतारी वाजवत होतं. बदक हुशार आहे. पण सफरचंद कुणाला द्यायचं आणि भांडण झालं तर काय, हे ते विचारत नाही.

वडील याच्या अगदी उलट. ते कारखान्यात विमानाचे तयार झालेले सुटे भाग तपासायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. ‘एक सूत चुकलं तर विमान खाली येतं,’ हे त्यांचं वाक्य आमच्याकडे आरतीसारखं रोज म्हटलं जायचं. एकदा त्यांनी ताटातल्या भाकरीला पट्टी लावून सांगितलं, ‘अक्का, ही कालच्यापेक्षा पाव इंच लहान आहे.’ आत्या म्हणाली, ‘वसंता, आधी खा. मंग पोटाला पट्टी लाव.’ अशी ही दोन माणसं; एकाच आईची. आई दोघांच्या मधून ताट घेऊन शांतपणे जायची.

तर मला पहिलीत घालायची वेळ आली. जवळची चांगली शाळा मुलांना आधी बोलावून बघायची. वडील रजा घेऊन मला घेऊन गेले. माझ्या दोन वेण्या, नवा फ्रॉक, वडिलांच्या खिशात पट्टी. मोठ्या बाईंनी टेबलावर चिंचोके पसरले आणि गोड आवाजात म्हणाल्या, ‘मोज बघू.’ मी ऐसपैस बसले, आत्याची घंटा घशात आणली आणि सुरुवात केली, ‘लाभ!’

बाई दचकल्या. ‘काय?’

‘लाभ, दोन, तीन, चार...’

‘थांब थांब. हा पहिला आहे ना, तो किती?’

‘लाभ.’

‘एक म्हण.’

‘नाय म्हणायचं,’ मी त्यांना समजावून सांगितलं, ‘बरकत जाते.’

वडिलांचा चेहरा एक सुताने नव्हे, चांगला हातभर उतरला. बाईंनी धीर धरून पुढचा प्रश्न घातला. ‘बरं, तुझ्याजवळ पाच बोरं होती. तू पाचही खाल्लीस. किती राहिली?’

प्रश्न खाण्याचा होता, म्हणजे स्वयंपाकघरातला होता. तिथले नियम मला पाठ. मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘भरपूर!’

बाई हसल्या, वडील हसले नाहीत. मुलगी बोलकी आहे, पण आकडे कच्चे दिसतात, वर्षभर बालवर्गातच राहू दे, असं बाईंचं मत पडलं. वडिलांनी फार विनवल्यावर त्या म्हणाल्या, की पुढच्या सोमवारी पुन्हा आणा, बघू.

घरी येताना वडील एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर बोलले. ‘अक्का, तुझ्या त्या लाभापायी पोरीचं वर्ष जातंय. या घरात मोजायचं असेल तर एक, दोन, तीन असं मोजायचं. नाहीतर मोजूच नकोस!’

आत्या पोळी लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती असं काही बोलेल की गल्लीतला भंगारवाला उतरेल. पण ती म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. आणि गप्प झाली.

तुम्हाला सांगते, घरातला नळ बंद होतो, दिवे जातात, ते सोसतं. पण ती ‘बरं’नंतरची शांतता! आत्या मुकाट तांदूळ मोजायची, म्हणजे मोजायचीच नाही, अंदाजाने ओतायची. भात कधी दोघांचा व्हायचा, कधी वऱ्हाडाचा. भाकऱ्या कमी पडायच्या, आणि कुणाला किती हे कुणी विचारायचं नाही. पाहुणे आले की मी दाराशी पळायची, चपला मोजून यायची, ‘आत्या, चार!’ म्हणायची, आणि आत्या माझ्याकडे न बघता आधणात पाणी ओतायची. मटाराच्या शेंगा तर तिने माझ्याशिवाय सोलल्या. तो घाव मला सगळ्यांत जास्त लागला. आई म्हणाली, ‘वन्सं, अहो बोला की काहीतरी.’ आत्या म्हणाली, ‘तोंड उघडलं की आकडा बाहेर पडतो. मी तरी काय करू, वहिनी?’

रोज संध्याकाळी वडील हत्यारांच्या डब्यातले वॉशर पुढे मांडून माझी तालीम घ्यायचे. ‘एक!’ ‘एक!’ ‘दोन!’ ‘दोन!’ मी वीसपर्यंत अशी घोटली गेले, की झोपेतही एकापासून सुरू व्हायची. वडील खूश. वॉशर किती होते, ते त्यांनीही कधी विचारलं नाही.

सोमवारी वडिलांना रजा मिळाली नाही, आईची सकाळपाळी. मला घेऊन आत्या निघाली. निघण्यापूर्वी वडिलांनी तिला बजावलं, ‘अक्का, तिथे तू काही बोलू नकोस.’ आत्याने पदराचा बोळा दाखवला आणि खरंच तोंडात धरला.

बाईंच्या खोलीबाहेर चपला काढून आम्ही आत गेलो. ‘म्हण बाळ,’ बाई म्हणाल्या. मी डोळे मिटून एक ते वीस असे म्हटले की आगगाडीला लाज वाटावी. बाईंनी मान डोलावली. मग चिंचोके ठेवले. ‘आता हे किती ते सांग.’ मी बोट फिरवत सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि कुठेही न थांबता थेट वीसला जाऊन पोहोचले. चिंचोके सहा होते.

‘पाठ झालंय,’ बाई हळूच म्हणाल्या, ‘पण पाठ करणं वेगळं आणि मोजणं वेगळं.’ त्यांनी चिंचोके गोळा करायला घेतले. मला कळलं, काहीतरी बिघडलं. आत्याकडे पाहिलं, तर पदराच्या बोळ्यावरचे तिचे डोळे भरून आलेले. आत्याला रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. ती पोटातून बोलायला बघत होती आणि शब्द दिलेला असल्याने बोलत नव्हती.

तेवढ्यात शिपाईमामा दोन कप चहा घेऊन आले. एक बाईंपुढे ठेवला, एक आत्यापुढे. बाई म्हणाल्या, ‘मामा, या छकुलीला नाही आणलात?’ मामा म्हणाले, ‘बाई, दूधच तेवढं होतं.’

‘पुरतोय की,’ मी म्हटलं. आपोआप निघून गेलं ते. आठवडाभर साठलेलं होतं.

बाईंचा हात चिंचोक्यांवर थांबला. ‘कसा गं पुरतोय? कप तर दोनच आहेत.’

‘दोन कप, दोन बशा. तुम्ही, आत्या, मामा, मी.’

‘मामा कशाला?’

‘त्यांनी केलाय ना चहा!’

मामा दारातच हसायला लागले. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. ‘बरं, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई आल्या तर?’

मी विचार केला. भाकरी डोळ्यांपुढे आणली. ‘मग मी आणि आत्या एका बशीत. आत्याला अर्धी. मला चतकोर.’

‘आणि राहिलेली चतकोर?’

‘ती सांडायला. आत्याचा हात हलतो.’

पदराचा बोळा सुटला आणि आत्याचं हसू खोलीभर सांडलं. शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली म्हणतात; ही भर मी पुढे घातलेली असेल. बाईंनी डोळे पुसले आणि चिंचोके पुन्हा पसरले. ‘हे चिंचोके नाहीत. माझ्या दाराबाहेरच्या चपला आहेत. मोज आणि सांग, आत माणसं किती?’ मी जोड्या लावल्या. ‘चपला सहा. माणसं तीन.’

‘हे बघ,’ बाई म्हणाल्या, ‘घरी लाभ म्हण. शाळेत एक म्हणायचं. जमेल?’

मला एकच शंका होती. ‘दोनला दोन्हीकडे दोनच म्हणतात ना?’

‘हो. पुढचं सगळं सारखंच.’

‘मग जमेल.’

निघताना बाईंनी आत्याला विचारलं, ‘हिला शिकवतं कोण?’

‘कुणी नाय, बाई,’ आत्या म्हणाली. ‘आमी नुसतं बोलतो. म्हंजी, बोलायचो.’

ते ‘बोलायचो’ मला तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर कळलं. आत्याने कोपऱ्यातली कापडी पिशवी काढली, लुगडी घडी करून भरली, मशेरीची डबी वरती ठेवली आणि पिशवी दाराशी नेली. ‘पोरीचं मार्गी लागलं,’ ती आईला म्हणाली. ‘वसंता आला की सांगते आन सीबीएसच्या स्टँडवरून घोटीची गाडी धरते. तोंड शिवून ऱ्हायला मी काय गोधडी हाय?’ आई समजावत होती, आत्या ऐकत नव्हती. मी दाराशी उभी राहून बघत होते. पिशवी. शेजारी आत्याच्या चपला. दोन. दोन चपला म्हणजे एक माणूस. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वडील आले. आत्याने शाळेची बातमी चार शब्दांत दिली, जायचं दोन शब्दांत सांगितलं आणि चपला घालायला गेली. चप्पल एकच. घरभर शोधाशोध झाली. खाटेखाली, मोरीत, गॅलरीत. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या साखरेचं विसरल्या नव्हत्या, त्यांनी ‘भरपूर आहेत’ म्हणून दार लावून घेतलं. आत्या एक चप्पल हातात घेऊन उंबऱ्यावर बसली. आई तेवढ्या वेळात वडिलांना आत नेऊन चहाचा आणि बशांचा सगळा किस्सा सांगत होती. वडील ऐकत होते. मग त्यांनी बाह्या वर केल्या, तांदळाचा डबा ओढला आणि पितळी वाटी आत घातली. जन्मात पहिल्यांदा. वाटी खट्टकन कशाला तरी अडली. त्यांनी हात घातला आणि तांदळातून चप्पल बाहेर काढली.

‘अगंबाई! तांदळात!’ आई किंचाळली. वडिलांनी चप्पल उलटसुलट करून, कारखान्यातला नग तपासावा तशी तपासली आणि माझ्याकडे वळले. ‘हे काय?’

‘एका चपलेचं अर्धंच माणूस होतं,’ मी म्हटलं. ‘अर्धं माणूस गावाला जात नाही.’

वडील अगदी गंभीरपणे म्हणाले, ‘एसटीत अर्धं तिकीट मिळतं.’

हे मला माहीतच नव्हतं! माझं सगळं गणित कोसळलं आणि मी असं भोकाड पसरलं, की आत्याची मी नक्की भाची शोभले. उंबऱ्यावरून आत्या उठली, पण आत आली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. वडिलांनी चप्पल बाजूला ठेवली, हात धुतले, चपलेभोवतीचे तांदूळ वेगळे काढले, पुन्हा वाटी भरली. तिच्यावर पट्टी फिरवून शीग सपाट करतील असं मला वाटलं. नाही केली. शिगोशीग वाटी परातीत ओतली आणि घसा खाकरून, दबक्या आवाजात म्हणाले, ‘लाभ.’

मी रडायची थांबले. आई पदराआड हसत होती. वडिलांनी दुसरी वाटी ओतली. ‘दोन.’ तिसरी. ‘तीन.’ मग वाटी हातात धरून ते थांबले. मान वर न करता त्यांनी विचारलं, ‘अक्का, तीनच टाकू, का चार?’

आत्याने दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परातीकडे पाहिलं.

‘चार टाक,’ ती म्हणाली. ‘आन धुवून घे चांगलं. नायतर चप्पल शिजवशील.’